रिकाम्या नाट्यगृहाची परवानगी: ध्वनिशास्त्रातल्या पीएचडीची सहा वर्षे

माझ्या पीएचडीची खुली मौखिक परीक्षा १९ जानेवारी २०२४ रोजी झाली. त्यानंतर वास्तुरचनेच्या अनेक विद्यार्थ्यांनी मला जवळपास तेच तीन प्रश्न विचारले: ध्वनिसल्लागार होण्यासाठी काय शिकावे लागते, व्यवसाय सांभाळून संशोधन जमते का, आणि खर्च किती येतो. तोंडी उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवत आहे. माझा विषय महाराष्ट्रातील नाट्यगृहांमध्ये संवाद किती स्पष्ट ऐकू येतात हा होता. सहा वर्षे गणितात आणि संगणकावर गेली असतील असे ऐकणाऱ्याला वाटते, पण त्यांतला मोठा भाग रिकामे आणि शांत नाट्यगृह चार तासांसाठी ताब्यात मिळावे यासाठी अर्ज करण्यात गेला.

वास्तुरचनेची पदवी मी २००८ मध्ये घेतली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ध्वनिशास्त्राला मिळालेली जागा एका सत्रातील काही तासांची होती, आणि परीक्षेपुरते आम्ही सॅबिनचे सूत्र पाठ केले होते. पदवीनंतर मुंबईतील एका ध्वनिसल्लागाराकडे दरमहा १२,००० रुपयांवर नोकरी लागली, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला जे काम मिळाले ते फुगे फुगवण्याचे होते. सभागृहात मोठा फुगा फोडायचा, तो आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि तो विरत जाण्यास किती वेळ लागतो ते पाहायचे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला निनाद म्हटले आहे तो हाच. ध्वनीचा स्रोत थांबल्यावर आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ, आणि तो खोलीचे घनफळ व तिच्यातील एकूण ध्वनिशोषण यांवर अवलंबून असतो. सॅबिनचे सूत्र तेच सांगते: घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले की सेकंदांत उत्तर मिळते. संवादांच्या नाटकासाठी हा काळ एका सेकंदाच्या आसपास असलेला बरा, आणि गाण्याला त्याहून थोडा अधिक लागतो.

त्या चार वर्षांत जे शिकले त्यातील सर्वांत उपयोगी गोष्ट सूत्राची नव्हती. ध्वनिशोषण आणि ध्वनिरोधन या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे ग्राहकाला शांतपणे समजावून सांगता येणे ही या व्यवसायातील अर्धी कमाई आहे. शेजारच्या घरातील आवाज थांबावा म्हणून लोक भिंतीला फोम चिकटवतात, काही जण अंड्यांचे ट्रेही लावतात, आणि मग काहीच फरक पडला नाही म्हणून सल्लागाराला बोलावतात. फोम खोलीच्या आतला घुमारा कमी करतो. पलीकडचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते. दाराखालची बोटभर फट महागड्या भिंतीचे काम निष्फळ करते, हे मी स्वतः मोजून पाहिल्यावरच माझा त्यावर विश्वास बसला.

२०१२ ते २०१४ या काळात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि २०१४ च्या दिवाळीनंतर पुण्यात स्वतःचे छोटे कार्यालय सुरू केले. आपल्याकडे ध्वनिसल्लागारासाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. वास्तुविशारद म्हणून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी माझ्याकडे होती, पण काम मिळते ते आधीच्या अहवालांवर आणि ओळखीच्या वास्तुविशारदांच्या शिफारशीवर. पहिल्या वर्षी तीन कामे मिळाली, त्यांपैकी दोन शाळांची सभागृहे होती आणि एकाचे पैसे चौदा महिन्यांनी आले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी किमान वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी, आणि पहिला हप्ता हातात आल्याशिवाय मोजणीची तारीख देऊ नये.

पीएचडीचा विचार २०१६ मध्ये एका नगरपालिकेच्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणामुळे मनात आला. त्याच मंचावर गद्य नाटक, संगीत नाटक, शाळांची स्नेहसंमेलने आणि राजकीय मेळावे होणार होते. समितीतील एका वयस्कर सदस्यांनी मला विचारले की मराठी नाटकासाठी निनादकाळ किती असावा हे तुम्ही कशावरून ठरवता. माझ्याकडे प्रेक्षागृहांसाठीचे १९६३ सालचे भारतीय मानक, आय. एस. २५२६, होते, राष्ट्रीय बांधकाम संहितेचा आठवा भाग होता आणि पाश्चात्त्य सभागृहांवरची पुस्तके होती. आपल्या नाट्यगृहांत प्रत्यक्षात काय ऐकू येते याची पद्धतशीर मोजणी मात्र माझ्या हाताशी नव्हती, आणि ते त्यांना मान्य करताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले.

विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जुलै २०१७ मध्ये दिली. प्रश्नपत्रिकेचा अर्धा भाग संशोधनपद्धतीचा आणि अर्धा विषयाचा असतो, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. नोकरदारांनी संशोधनपद्धतीचा भाग गृहीत धरू नये. मी तो धरला होता आणि ५४ गुणांवर निभावले. खरी अडचण मार्गदर्शक मिळण्याची होती. त्या वेळच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येत असत, आणि वास्तुरचनेत ध्वनिशास्त्राशी संबंध असलेले मार्गदर्शक आधीच मोजके. तीन महिने दारे ठोठावल्यावर इमारतींच्या पर्यावरणीय रचनेवर काम केलेले एक सर तयार झाले. भौतिकशास्त्राचे सहमार्गदर्शक शोधण्याची अट त्यांनीच घातली, आणि ती अट पुढे माझ्या फार कामी आली.

कागदपत्रांच्या पडताळणीत एक गंमत झाली. अर्धवेळ संशोधनासाठी नोकरी देणाऱ्याचा ना हरकत दाखला हवा होता. मी स्वतःचाच व्यवसाय करते असे सांगितल्यावर खिडकीपलीकडच्या बाईंनी यादीवर बोट ठेवून सांगितले, "रकाना आहे, म्हणजे कागद लागणार." मग मी माझ्याच कार्यालयाच्या लेटरहेडवर मलाच ना हरकत दाखला दिला, स्वतः सही करून शिक्का मारला, आणि तो विनातक्रार स्वीकारला गेला. नोंदणीची तारीख २२ जानेवारी २०१८ अशी पडली. ती तारीख लक्षात ठेवावी, कारण सहा वर्षांची कमाल मुदत तिच्यापासून मोजली जाते. महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत होती, तिचा वापर करावा लागला नाही, पण ती आहे या जाणिवेने काही रात्री झोप लागली हे खरे.

२०१८ हे वर्ष अभ्यासक्रमातील विषय, दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल आणि संशोधन सल्लागार समितीपुढील सादरीकरणे यांत गेले. समितीने नऊ नाट्यगृहांची यादी मान्य केली. त्यांपैकी आठ ठिकाणी मी डिसेंबर २०१८ मध्ये अर्ज पाठवले. नववे कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले हे नाट्यगृह माझ्या लहानपणीचे, कारण दादांचे बोट धरून मी पहिले नाटक तिथेच पाहिले. तिथला अर्ज मी पाठवला नाही. घरचेच गाव, केव्हाही जाता येईल, असा हिशेब होता.

महापालिकेच्या नाट्यगृहासाठी अर्ज कसा जातो हे नवख्याला ठाऊक नसते, म्हणून थोडे तपशिलात सांगते. व्यवस्थापकाला भेटले की ते मुख्य कार्यालयात पाठवतात. आवक-जावक विभागात अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा, कारण पुढील प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न त्या क्रमांकाचा असतो. नंतर टिप्पणी, म्हणजे मंजुरीसाठीची कार्यालयीन नोंद, तयार होते, ती सांस्कृतिक विभाग, मालमत्ता विभाग आणि विद्युत विभाग अशी फिरते, आणि उपायुक्तांची सही झाल्यावर अनामत रकमेचे चलन मिळते. माझ्या पहिल्या अर्जाला ६६ दिवस लागले. त्यांतील तीन आठवडे तो अर्ज नाट्यप्रयोगाचा समजून तारखांच्या वाटपाच्या फायलीत पडून होता. दुसऱ्या अर्जापासून मी पहिल्याच ओळीत लिहू लागले की प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, कलाकार नाहीत आणि आम्ही तिघेच असू. त्या वेळी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र, विद्यापीठाचे पत्र आणि उपकरणांची यादी सोबत जोडली की विद्युत विभागाचा आक्षेप येत नसे. एका ठिकाणी मात्र चार स्मरणपत्रांनंतरही उत्तर आले नाही आणि ते नाट्यगृह मी यादीतून काढले.

परवानगी मिळाली तरी वेळ कोणती मागायची हा प्रश्न असतो. सकाळचे सत्र भाड्याने परवडते, पण बाहेर वाहतूक सुरू झालेली असते. निनादकाळाचे एक विश्वसनीय माप काढायचे तर खालच्या, मधल्या, वरच्या अशा प्रत्येक स्वरपट्ट्यात मोजणीसाठी सोडलेला आवाज पार्श्वभूमीच्या गोंगाटाहून ४५ डेसिबलने वर असावा लागतो, निदान ३५ ने तरी. म्हणून आम्ही रात्रीचा प्रयोग संपून नेपथ्य उतरल्यावर, म्हणजे दीड-दोनला सुरुवात करून पाचच्या आत आवरत असू. या शास्त्राची सुरुवातही रात्रीच झाली आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने ऑर्गनची नळी आणि काळ मोजण्याचे साधन घेऊन रात्रीच्या शांततेत प्रयोग केले. त्या खोलीतील आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक काळ ऐकू येत होता. जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या विद्यार्थ्यांकडून उचलून आणायच्या, मोजायचे, आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवायच्या, असे त्यांचे काम चाले. त्या गाद्यांसाठी त्यांना कोणाची टिप्पणी फिरवावी लागली असेल, असा विचार मी अनेकदा केला आहे.

पहिली मोजणी मार्च २०१९ मध्ये झाली. फुगे मागे पडले होते, कारण फुग्याचा आवाज दर वेळी सारखा नसतो आणि खालच्या स्वरांत त्याचा जोर कमी पडतो. आम्ही बारा बाजूंचा स्पीकर भाड्याने आणला होता, जो सर्व दिशांना सारखा आवाज टाकतो, आणि त्यातून खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा लांब सूर सोडत होतो. ही पद्धत इटलीतील आंजेलो फारिना यांनी २००० मध्ये मांडली. स्पीकर मंचावर दीड मीटर उंचीवर, मायक्रोफोन प्रेक्षकाच्या कानाइतका म्हणजे १.२ मीटरवर, हजार आसनांच्या सभागृहात किमान आठ ठिकाणी मोजणी, हे सर्व आयएसओ ३३८२ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेले आहे. ते जे सांगत नाही ते असे की पहाटे तीन वाजता स्टँड उचलून गॅलरीच्या पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागतात. मोजणीच्या आधी आणि नंतर १००० हर्ट्झ, ९४ डेसिबलचा ठरावीक आवाज देणाऱ्या कॅलिब्रेटरने ध्वनिपातळीचा मीटर तपासावा आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. माझी एक संपूर्ण रात्र केवळ नंतरचा आकडा लिहायचा राहिला म्हणून समितीने बाद ठरवली, आणि त्यांचे बरोबर होते.

त्याच पहिल्या रात्री तीनच्या सुमारास दोन पोलीस शिपाई आले. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी फोन केला होता की बंद नाट्यगृहातून सायरनसारखा आवाज येतो आहे. "मॅडम, रात्री दहानंतर स्पीकर बंद असतो, माहीत नाही का?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, मात्र प्रेक्षागृहासारख्या बंदिस्त जागेतील आतल्या वापराला ती लागू होत नाही, हे मला पाठ होते. परंतु त्या वेळी कागद जवळ नव्हता, आणि कायदा तोंडी सांगणाऱ्या बाईवर पहाटे तीन वाजता विश्वास ठेवणे कोणालाही जड जाते. वायरमनमामांनी चहा आणला, परवानगीचे पत्र दाखवले, आणि चाळीस मिनिटे गेली. पुढच्या प्रत्येक मोजणीआधी मी संबंधित पोलीस ठाण्यात माहितीचे पत्र देऊन त्याची पोच खिशात ठेवली. दार बंद असूनही आवाज शेजारी पोहोचला, याचा अर्थ त्या नाट्यगृहाची मागची दारे ध्वनिरोधनात कच्ची होती, ही नोंद मात्र मला फुकट मिळाली.

जूनपर्यंत चार नाट्यगृहे झाली. जुलैपासून पुण्यात ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि ढोलाचा खालचा स्वर भिंतींना जुमानत नाही, म्हणून गणेशोत्सव संपेपर्यंत पुण्यातील काम थांबवले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला जाऊन केशवराव भोसले नाट्यगृहाचे बोलणे करायचे ठरले होते, तिकीटही काढले होते, पण त्याच आठवड्यात पंचगंगेचा महापूर आला. घरच्यांची खुशाली कळेपर्यंत नाट्यगृहाचा विचार कोणाच्या मनात येणार होता? यादीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने "नंतर" असे लिहिले.

नोव्हेंबरमध्ये पाचव्या नाट्यगृहात रातकिडा भेटला. पावसाळा संपत आला की मंचाच्या लाकडी फळ्यांखालच्या पोकळीत ते वस्तीला येतात. रातकिड्याचा आवाज ४००० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त-थ-स-श यांसारखी व्यंजने जिथे कळायची तोच हा पट्टा आहे. फळीवर पाय आपटला की तो गप्प होई, आम्ही मायक्रोफोनपाशी परत जाऊन श्वास रोखून बसलो की मिनिटभरात पुन्हा सुरू होई. वायरमनमामा विजेरी घेऊन मंचाखाली रांगत गेले, तेव्हा तो दुसऱ्या कोपऱ्यातून बोलू लागला. साडेतीनला मी हार मानली. सहमार्गदर्शक सरांना दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले की किडा पकडू नका, सूर लांब करा. सुराची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत सुमारे तीन डेसिबलचा फायदा होतो. वीस सेकंदांऐवजी ऐंशी सेकंदांचा सूर वापरून आम्ही सहा डेसिबल मिळवले आणि दुसऱ्या रात्री त्या रातकिड्याच्या संगतीनेच काम पूर्ण केले. प्रबंधात त्याची रीतसर तळटीप आहे.

रिकाम्या सभागृहाची मापे भरलेल्या सभागृहाला लागू होत नाहीत, हे सर्वांना माहीत असते, पण माणसे बसवून मोजणे फार थोड्यांना जमते. जानेवारी २०२० मध्ये एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे २१० विद्यार्थी यायला तयार झाले. अट एकच होती, सूर चालू असताना कोणी हलायचे नाही, खोकायचे नाही. थंडीचे दिवस असल्यामुळे ती अट क्रूर होती. अकरा सूर वाया गेले, बारावा मिळाला. वडापाव आणि चहा यांचा खर्च ६,३०० रुपये आला, आणि त्या नाट्यगृहाचा मध्यम स्वरांतील निनादकाळ १.५ सेकंदांवरून सुमारे १.३ वर आला. आसनांना रेक्झिनची पातळ गादी होती. चांगल्या जाड गाद्यांच्या खुर्च्या असत्या, तर रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहांतील फरक याहून कमी राहिला असता, आणि थोड्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या नटांना त्याचा फायदा झाला असता.

सहावे नाट्यगृह फेब्रुवारीत झाले आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. जून २०२० मध्ये, जेव्हा निघण्याची मुभा मिळाली, तेव्हा मी सातव्या नाट्यगृहाबाहेर रस्त्यावर मीटर घेऊन उभी राहिले. एरवी बस आणि रिक्षांनी दुमदुमणारा तो चौक इतका शांत मी आयुष्यात पाहिलेला नाही. भर दुपारीही मोजणी करता आली असती. व्यवस्थापकांना फोन केला तर ते खिन्नपणे म्हणाले, "शांतता भरपूर आहे हो मॅडम, पण कुलूप उघडायचा अधिकार आत्ता माझ्याकडे नाही." ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने नाट्यगृहे उघडली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही सातवी मोजणी केली, तेव्हा चौकातली वाहतूक पूर्ववत झालेली होती. समितीने सात नाट्यगृहे पुरेशी मानली. कोल्हापूरसाठी आणखी सहा महिने मागता आले असते. मी मागितले नाहीत, कारण मी दमले होते आणि हाती आलेल्या मोजणीचे लेखनही पुढे सरकत नव्हते.

विश्लेषणाची दीड वर्षे थोडक्यात सांगण्यासारखीच आहेत: संगणकावर नाट्यगृहांची प्रतिरूपे उभी करणे, ती प्रत्यक्ष मापांशी जुळेपर्यंत दुरुस्त करणे, आणि दोन शोधनिबंध, ज्यांतला एक दोनदा परत आला. निष्कर्ष मला स्वतःला अनपेक्षित होता. मी घुमाऱ्याच्या शोधात निघाले होते, पण सातपैकी पाच ठिकाणी शब्द हरवण्याचे मोठे कारण वातानुकूलन यंत्राची घरघर, पंखे आणि नीट न लागणारी दारे हे निघाले. भिंतींवर महाग पॅनेल लावण्याआधी यंत्राच्या नळ्या आणि दारांच्या फटी पाहाव्यात, असे मी आता प्रत्येक नगरपालिकेला लिहून देते, आणि त्यामुळे पॅनेल विकणाऱ्यांशी माझे संबंध फारसे बरे नाहीत.

पूर्वसादरीकरण डिसेंबर २०२२ मध्ये आणि प्रबंध दाखल १७ मार्च २०२३ रोजी. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य सात टक्के आले, मर्यादा दहाची असते. मानकांतील व्याख्या जशाच्या तशा उतरवल्या तर हा आकडा झपाट्याने वाढतो, म्हणून त्या स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. परीक्षकांपैकी एकाचा अहवाल ऑगस्टमध्ये आला, दुसऱ्याचा डिसेंबरमध्ये. या नऊ महिन्यांत आठवड्याला फोन करून काहीही साध्य होत नाही, पण मी तो केला. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गणितावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले, "तुम्ही सात नाट्यगृहे शांत करून मोजलीत. नाटक चालू असताना नाट्यगृह शांत असते का?" उत्तर देताना मी विद्यार्थ्यांचा आणि खोकल्याचा किस्सा सांगितला, आणि मान्य केले की चालू प्रयोगातील मोजणी हा माझ्या प्रबंधातील सर्वांत मोठा रिकामा भाग आहे. ते मान्य केल्यावर त्यांचा सूर मवाळ झाला. जे केलेले नाही ते आधीच सांगून टाकावे, हे मला मार्गदर्शक सरांनी आदल्या संध्याकाळी बजावले होते.

खर्चाचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. विद्यापीठाची सर्व शुल्के १,३२,०००, अकरा रात्रींचे उपकरणभाडे रात्रीला ८,५०० प्रमाणे ९३,५००, नाट्यगृहांची भाडी व कर्मचाऱ्यांचा जादा वेळ ४१,०००, प्रवास ३८,०००, आणि संगणकप्रणाली, छपाई, बांधणी, परिषदा मिळून ७०,०००. एकूण पावणेचार लाखांच्या जवळ. वडापावचे पैसे घरखर्चातून गेले. सोडून दिलेली कामे यात धरलेली नाहीत, तो आकडा मी काढलाच नाही. एका नाट्यगृहाची ५,००० रुपयांची अनामत अजून यायची आहे, त्यासाठी मूळ पावती, रद्द केलेला धनादेश आणि "मोजणी समाधानकारक पार पडली" असा व्यवस्थापकांचा दाखला लागतो. ते व्यवस्थापक मध्यंतरी निवृत्त झाले.

व्यवसायात या पदवीने काय बदलले, असेही विचारतात. फी फारशी वाढली नाही. निविदांमध्ये तज्ज्ञाच्या पात्रतेचा रकाना भरता येतो, दोन महाविद्यालयांत शिकवायला बोलावतात, आणि बैठकीत कोणी आकड्याचा आधार विचारला तर आता पुस्तकाऐवजी स्वतःच्या मोजणीचे पान उघडता येते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला आहे, त्या गायक नट केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. भावाने पाठवलेली चित्रफीत मी पहाटेपर्यंत पाहत होते. रंगमंच, छत आणि आसने गेली, आणि विनामायक्रोफोन गाणाऱ्या नटांच्या काळात बांधलेल्या त्या वास्तूत आवाज कसा पसरत होता याची माझ्याकडे एकही नोंद नाही. महिन्याभराने कोल्हापूरच्या एका वास्तुविशारद मैत्रिणीचा फोन आला, की पुनर्बांधणीसाठी जुनी मापे लागतील, तू तर सगळी नाट्यगृहे मोजली आहेस ना. मी तिला छायाचित्रे, जुने नकाशे आणि तिथे झालेल्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे कोणाकडे आहेत का ते शोधायला सांगितले, कारण मुद्रणातील टाळ्यांच्या शेवटावरून निनादकाळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. आतापर्यंत दोन कॅसेटी मिळाल्या आहेत, त्यांतली एक चालते. समितीने मान्य केलेल्या यादीची मूळ प्रत माझ्या फायलीत पहिलीच आहे, आणि तिच्यावरचा तो पेन्सिलीचा शब्द मी अजून खोडलेला नाही.